पोरगं कांस्याचे बुश करतंय, पुढं काय?

केज तालुक्यातल्या एका शेतकरी पालकांनी लिहिलंय: मुलानं दहावीनंतर दोन वर्षांचा टर्नरचा (लेथवर धातू कातायचा) आयटीआय केला. आता वाळूजला गनमेटल, ब्रॉन्झचे (दोन्ही कांस्याचेच प्रकार) बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टला (दांड्याला) आधार देणारी नळकांडी, करणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये आहे. ‘कांसं आजीच्या काळचं. आता सगळं प्लॅस्टिकचं. त्याला तिथून काढू का?’

नमस्कार. एवढ्यात काढू नका.

कांसं म्हटलं की आपल्याला तळपाय घासायची वाटी आठवते, त्यामुळं शंका येणं साहजिक आहे. पण तुमचा ऊस जातो त्या कारखान्यात जरा डोकावा. मिलच्या अवजड रोलरखाली वर्षानुवर्षं कांस्याचीच बेअरिंग वापरत आलेत. पोलादी शाफ्ट पोलादावरच फिरवला आणि तेल कमी पडलं, तर दोन्ही एकमेकांना धरतात. कांसं सहसा धरत नाही. झिजलाच तर बुश झिजतो, महागाचा शाफ्ट वाचतो. गिअरबॉक्समध्ये पोलादी वर्मच्या (स्क्रूसारख्या आट्यांच्या दांड्याच्या) जोडीला फॉस्फर ब्रॉन्झचं चाक देतात ते याचसाठी. पंख्याच्या छोट्या मोटारीत ब्रॉन्झची भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेला बुश असतो. त्याच्या बारीक छिद्रांतच तेल मुरवलेलं असतं.

हलक्या कामाला नायलॉनचे बुश आलेत, हे तुमचं खरं. भार आणि उष्णता वाढली की मात्र ते दम सोडतात.

मला काळजी धातूची नाही, पोरगं तिथं काय शिकतंय याची आहे. त्याला एवढंच विचारा: बुश हाउसिंगमध्ये (बाहेरच्या घरात) दाबून बसवला की आतला बोअर (भोक) थोडा आवळतो, तो हिशेब तू आधीच धरतोस की नंतर रीमर मारून भोक मापात आणतोस? आणि गनमेटलमध्ये काय काय असतं? (नेहमीच्या एका प्रकारात 85 टक्के तांबं, कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5.) नीट सांगितलं तर तो शिकतोय. नुसतं ‘सेठ सांगतात ते माप काढतो’ म्हणाला, तर अवघड आहे. ओतकामही तिथंच होत असेल तर धुराची सोय बघून या. शिशाचा धूर वाईट.

पगार सध्या कमीच राहील. दरम्यान संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) छोट्या कोर्सची चौकशी करा. शिवाय दोन वर्षांच्या आयटीआयवर मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. गणित बरं असेल तर मी डिप्लोमाच म्हणेन. गणिताला घाबरत असेल तर आधी सीएनसी.