सेलिंग संघाचे फिजिओ होताय? आधी गुडघे बघा

मनापासून स्वागत! सेलिंगकडे, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींकडे, वळणारे फिजिओथेरपिस्ट आपल्याकडे कमीच, त्यामुळे ‘सेलिंग संघाचा फिजिओ म्हणून सुरुवात कुठून करू?’ हा तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

तुमचे खेळाडू आयएलसीए ७ ही छोटी शिडाची बोट चालवतात, म्हणजे भारताच्या विष्णू सरवणनने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकलं तोच प्रकार. बोटीत माणूस एकटा. वारा जिकडून येतो तिकडे बोट नेताना पाय पट्ट्याखाली अडकवून अख्खं अंग बाहेर काढायचं, तेव्हा बोट सपाट राहते. याला हायकिंग म्हणतात. मांडीचा पुढचा स्नायू मिनिटंच्या मिनिटं आवळलेला राहतो, त्यात रक्त नीट फिरत नाही. तो थकला की भार गुडघ्याच्या वाटीवर आणि कंबरेवर येतो. म्हणून सुरुवातीला मांडी, नितंब आणि पोट-पाठीची धरून ठेवण्याची ताकद एवढंच धरा. शिडाची दोरी ओढणारे खांदे, मनगटं नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- दमसास हवा म्हणून नुसतं पळवणं. दुखऱ्या गुडघ्यांना सायकल किंवा रोइंग मशीन बरं.
- स्पर्धेच्या आठवड्यात नवा व्यायाम देणं. हे अजिबात करू नका. मांड्या भरून आल्या की पहिल्याच शर्यतीत हायकिंग ढेपाळतं.
- वजन परस्पर उतरवणं. या बोटीत अंगाचं वजन कामाला येतं, आधी प्रशिक्षकांशी बोला.

आणि हो, पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांच्या बोटीतून समुद्रात जा. कोण कधी वाकतं, कुणाचा गुडघा आत वळतो, हे टेबलावर तपासून कळत नाही. पाण्याची बाटली सगळ्यांकडे असते, पण शर्यतींच्या मधल्या वेळात ती कोण उघडतं तेही बघून ठेवा.