सबॅटिकलचा अर्ज करण्याआधी

नुकतेच रुजू झाला आहात, म्हणून आधी एक घोळ मिटवतो: अभ्यास रजा वेगळी आणि सबॅटिकल, म्हणजे ज्येष्ठ प्राध्यापकांना अभ्यास-संशोधनासाठी मिळणारी पगारी दीर्घ रजा, वेगळी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला ३ वर्षांच्या सलग सेवेनंतर अभ्यास रजा मागता येते. सबॅटिकलसाठी मात्र सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून ७ वर्षे भरावी लागतात. एका वेळी जास्तीत जास्त १ वर्ष, अख्ख्या नोकरीत २. शिवाय अभ्यास रजेवरून परतल्यावर ५ वर्षे सबॅटिकल मिळत नाही. ही अट अनेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून अभ्यास रजा नीट विचार करून घ्या.

अर्जासोबत संशोधनाचा कार्यक्रम द्यावा लागतो. ‘ग्रंथ लिहिणार’ एवढ्यावर भागवू नका. कुठल्या दप्तरखान्यात, कुठल्या प्रयोगशाळेत, किती महिने, सगळं लिहा. माझा पहिला अर्ज मोघम होता म्हणूनच परत आला.

तुमचे तास कोण घेणार, हे विभागप्रमुखांशी आधीच बोला; माझ्या अनुभवात फाइल तिथेच अडते. सबॅटिकलमध्ये पगार पूर्ण मिळतो, फेलोशिपही चालते, पण दुसरीकडे नियमित नोकरी धरता येत नाही. परतल्यावर कामाचा अहवाल द्यायचा असतो, त्यामुळे टिपणं पहिल्या दिवसापासून ठेवा.