एबीसीडी येते, पाणी मागता येत नाही

स्क्रीन टाइमवर प्रश्नांचा ढीग आलाय आणि निम्म्या लोकांना एकच हवंय, "डॉक्टर, चांगलं शैक्षणिक ॲप सुचवा". अहो, शैक्षणिक हा शब्द ॲप विकणाराच लिहितो, त्याला कोण अडवतंय. असो. निवडक प्रश्न घेतोय.

प्रश्न : मुलगी ८ महिन्यांची आहे. मेंदूच्या विकासासाठी कुठलं ॲप लावावं?

कुठलंच नाही. २ वर्षं होईपर्यंत स्क्रीन नको, लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. एबीसीडी, रंग, प्राणी सगळं इंग्लिशमध्ये म्हणतो, आम्ही शैक्षणिक व्हिडिओच लावतो. पण 'आई' म्हणून हाक मारत नाही, काही हवं असलं की हात धरून ओढत नेतो. सासूबाई म्हणतात याचे बाबापण चार वर्षांचे झाल्यावर बोलले. थांबू का?

नाही, अजिबात थांबू नका. हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि प्रत्येक घरात उशिरा बोललेले एक बाबा नाहीतर मामा असतातच. मागे ओपीडीत असाच एक पिल्लू आला होता, भिंतीवरच्या तक्त्यावरचा हत्ती बघून 'एलिफंट' एकदम खणखणीत म्हणाला, आई खूश. मग बॉल टेबलाखाली गेला तर त्याने माझं मनगट धरलं आणि बॉलच्या दिशेने ढकललं, माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही, जणू माझा हात म्हणजे चिमटा. पाठ म्हणणं वेगळं आणि बोलणं वेगळं हो. बोलणं म्हणजे तुमच्याकडे बघून मागणं, बोट दाखवणं, 'नको' म्हणून भांडणं. व्हिडिओ कधी मुलाच्या उत्तरासाठी थांबतो का, तो आपला पुढे जातो.

१६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा २ वर्षांपर्यंत 'दूध दे' असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, तर तपासून घ्यायचं. आधी कान. "टाळी वाजवली की वळतो" ही तपासणी नाही, ऑडिओलॉजिस्टकडे जा, ते गरज वाटली तर बेरा (मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघणारी तपासणी) करतील. मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर) आणि स्पीच थेरपिस्ट. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या मुलांचं सरकारी केंद्र, कुठे आहे विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात हे मोफत होतं. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहेच. आणि तो 'व्हर्च्युअल ऑटिझम'चा फॉरवर्ड, म्हणे फोनमुळेच ऑटिझमसारखी लक्षणं येतात आणि फोन बंद केला की महिन्यात मूल बरं, तो कृपा करून मला पाठवू नका. असं निदान आमच्या कुठल्याही अधिकृत यादीत नाही. फोन आजच बंद करा, पण "महिनाभर बंद करून बघतो मग येतो" हे नको, अपॉइंटमेंटपण आजच घ्या. तोवर मटार सोलताना शेजारी बसवा, एक दाणा द्या, त्याने तुमच्याकडे बघेपर्यंत दुसरा देऊ नका.

प्रश्न : मुलगी तिसरीत, मराठी मीडियम. रोज किती वेळ आणि काय दाखवावं?

या वयात मनोरंजन धरून दिवसाला २ तासांच्या आत, जितकं कमी तितकं बरं. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी भरपूर आहेत, पण सोबत बसून वाचा. माझी आवडती म्हणजे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची वेबसाइट. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घर करायचं, व्हिडिओ काही मिनिटांचा आणि नंतर तासभर फोन कुणाला आठवत नाही. आणि वाचताना नेहमीच अडखळत असेल तर ॲप बदलत बसू नका, बाईंशी बोला आणि लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : एका ॲपवाल्याने मुलाची टेस्ट घेऊन "मॅथ्समध्ये दोन वर्षं मागे आहे" सांगितलं. घाबरून फ्री ट्रायल घेतली. आता ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले जातायत.

विकणाऱ्याच्या टेस्टमध्ये पास झालेला मुलगा मी अजून बघितलेला नाही. ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये आणि यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन रद्द करा. हप्ते केले असतील तर कागद नीट वाचा, बरेचदा ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं, मग बँकेशी बोलावं लागेल. पैसे परत देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि मॅथ्सचं खरंच काय ते वर्गशिक्षकांना विचारा.

प्रश्न : ऑनलाइन क्लाससाठी ब्लू लाइटचा चष्मा घेऊ का?

नको. डोळ्यांचा ताण त्याने कमी होतो असं दिसलेलं नाही, २०२३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूतही (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) नाही. त्या पैशात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर तपासून घ्या आणि रोज उजेडात बाहेर खेळायला पाठवा.

प्रश्न : शैक्षणिक गाणी लावल्याशिवाय घासच घेत नाही. काय करू?

बंद करा. तीन-चार दिवस रडेल, कमी जेवेल. वजन उतरायला लागलं तर घेऊन या.