वाचकांचे प्रश्न: मेंदूत खरंच चमचाभर प्लॅस्टिक असतं का?

प्रश्न: ताई, आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आलाय की माणसाच्या मेंदूत चमचाभर प्लॅस्टिक साठतं आणि त्यानेच हार्ट अटॅक येतो. झालं, सासूबाईंनी घरातले सगळे प्लॅस्टिकचे डबे भंगारवाल्याला द्यायला काढलेत. सासऱ्यांची मागे अँजिओप्लास्टी झालीय म्हणून त्या जास्तच घाबरल्यात. यात खरं किती? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळे रिसर्च एकत्र कालवलेत. हृदयाचा रिसर्च इटलीतला, नेपल्सच्या राफाएले मार्फेला यांच्या टीमचा, २०२४ मध्ये आलेला. मानेतली मेंदूकडे रक्त नेणारी रक्तवाहिनी चरबीच्या थराने अरुंद झाली की ऑपरेशन करून तो थर काढतात ना, तोच त्यांनी तपासला. २५७ पेशंटपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन सापडलं. पुढे साधारण ३४ महिने सगळ्यांवर लक्ष ठेवलं तर प्लॅस्टिक सापडलेल्यांपैकी २० टक्के लोकांना हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यू आला, न सापडलेल्यांमध्ये हेच प्रमाण ७.५ टक्के.

मला यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते पेशींचं. मॅक्रोफेज म्हणजे बाहेरून आलेला कचरा गिळून पचवणाऱ्या आपल्या पेशी, त्यांच्या पोटात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वेड्यावाकड्या कडांचे कण दिसले. जंतू गिळला तर त्या तो विरघळवून टाकतात, पण पॉलिथिन विरघळवणारं एन्झाइम आपल्याकडे नाहीच, मग पेशी नुसतीच चिडत राहते आणि सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते असा अंदाज आहे, आणि प्लॅस्टिकवाल्या थरांमध्ये ती रसायनं जास्त होती हे खरंय. पण म्हणून प्लॅस्टिकनेच अटॅक आला असं सिद्ध होत नाही हो! ज्याच्या अंगात प्लॅस्टिक जास्त तो कदाचित जास्त प्रदूषणात राहत असेल, त्याचं खाणंपिणं वेगळं असेल. शिवाय हे सगळे आधीच रक्तवाहिनी अरुंद झालेले पेशंट होते, धडधाकट माणसं नव्हेत.

चमचाभरचा आकडा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको युनिव्हर्सिटीचा, २०२५ मधला. २०१६ मध्ये वारलेल्यांपेक्षा २०२४ मध्ये वारलेल्यांच्या मेंदूत त्यांना साधारण दीडपट प्लॅस्टिक दिसलं. पण तिथे मोजणीच्या पद्धतीवरच इतर शास्त्रज्ञांनी बोट ठेवलंय. नमुना तापवून त्यातून काय बाहेर पडतं ते बघतात, आणि मेंदूत चरबी भरपूर, ती तापली की पॉलिथिनसारखेच तुकडे सुटतात. त्यामुळे चमच्याची गोष्ट मी तरी कुणाला सांगणार नाही.

डबे सगळे फेकायची गरज नाही, डाळ-रवा राहू दे त्यात. फक्त गरम आमटी ओतणं आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवणं बंद करा. अमेरिकेतल्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या २०२३ च्या रिसर्चमध्ये मायक्रोवेव्हच्या ३ मिनिटांत काही डब्यांच्या एका चौरस सेंटीमीटरमधून ४० लाखांहून जास्त सूक्ष्म कण सुटले होते, त्याहून बारीक नॅनो कण तर अब्जांत. आणि सासऱ्यांच्या गोळ्या आणि बीपी-शुगरकडे लक्ष असू द्या, त्याचा फायदा पक्का माहीत आहे.

प्रश्न: पाणी उकळलं की प्लॅस्टिक जातं म्हणे? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. (एक वाचक, लातूर)

उत्तर: बऱ्यापैकी जातं, आणि बोअरच्या जड पाण्यात तर जास्तच. चीनमधल्या २०२४ च्या प्रयोगात ५ मिनिटं उकळल्यावर क्षारांचा पांढरा थर बनताना कण त्यातच अडकून बसले, खूप जड पाण्यात ९० टक्क्यांपर्यंत कमी झाले, मऊ पाण्यात साधारण २५ टक्के. थर खाली बसू द्या, मग पाणी बारीक फडक्यातून गाळा, फडकं सुती घ्या, नायलॉनचं नको. बाटलीचं पाणी हा मात्र उपाय नाही, अमेरिकेतल्या बाटल्यांत लिटरला सरासरी २ लाख ४० हजार कण निघालेत, आणि त्यातले काही पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधूनच आले असावेत.