नवी मुंबई विमानतळ ते दिल्ली अंतर किती? ॲपवर पावणेदोन तास आणि तिकिटावर सव्वादोन तास, असं का?

तुम्ही ठाण्यात राहता, म्हणून सहार (मुंबईचा जुना विमानतळ) सोडून उलव्याहून, म्हणजे नवी मुंबई विमानतळावरून, गेलं तर हवेतलं अंतर वाढेल का, असंही विचारलंय. वाढतं, पण मोजण्याइतकं नाही. सहार ते दिल्ली सरळ हवाई अंतर साधारण १,१३८ किमी आणि नवी मुंबईहून १,१४०. हे दोन विमानतळ एकमेकांपासून जेमतेम २४ किमीवर, तेही बरेचसे पूर्व-पश्चिम. दिल्ली वर उत्तरेला, त्यामुळे फरक उरतच नाही. एखाद्या ॲपवर ६१५ असा आकडा दिसला तर ते नॉटिकल मैल आहेत, १.८५२ ने गुणा. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी आणि धावपट्टीच्या दिशेनुसार वळसे घेत जातं, म्हणून थोडं जास्तच उडतं.

आता वेळ. तिकिटावर असतो तो ‘ब्लॉक टाइम’: चाकांखालचे चोक (विमान अडवणारे ठोकळे) काढून विमान जागेवरून हललं तिथपासून दिल्लीत पुन्हा चोक लागेपर्यंत. ॲपवाले बहुतेक वेळा फक्त हवेतला वेळ दाखवतात. मधली पंचवीस-तीस मिनिटं जातात विमान मागे ढकलणं, टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जाणं), रांगेत थांबणं आणि दिल्लीत उतरल्यावरच्या लांबलचक टॅक्सीत.

हवेतही पूर्ण वेग सगळीकडे नसतो. १०,००० फुटांखाली साधारण २५० नॉट, म्हणजे ४६३ किमी/तास, ही मर्यादा. वर गेल्यावर एअरबस ए३२० सारखं विमान ताशी ८३० किमीच्या आसपास जातं. ३५,००० फुटांवरून उतरायला मात्र सुमारे २०० किमी आधीच सुरुवात करावी लागते. म्हणून घरच्या घरी हिशोब असा: किमी भागिले ८३०, त्यात चढ-उताराची २० मिनिटं आणि जमिनीवरची २५-३०. दिल्लीसाठी ८२ + २० + ३०, म्हणजे सव्वादोन तासांना दोन-तीन मिनिटं कमी. गोव्यातलं मोपा, सुमारे ३७० किमी, याच रीतीने सव्वा तासाच्या आसपास बसतं; त्यातली निम्मी मिनिटंही सरळ उड्डाणात जात नाहीत.

कोलकात्यासारख्या पूर्वेकडच्या मार्गावर (सुमारे १,६५० किमी) हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जाताना ढकलतात, येताना अडवतात. परतीची वेळ जास्त छापलेली दिसली तर चूक समजू नका. आखाताकडे जाताना तिकिटावरची निघण्याची आणि पोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक असते: दुबई दीड तास मागे, नुसती वजाबाकी फसवते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं पहाटेचं धुकं कुठल्याच हिशोबात बसत नाही, शक्य असेल तर दुपारचं विमान घ्या.

तिकीट काढताना कोड बघा: एनएमआय म्हणजे नवी मुंबई, बीओएम म्हणजे सहार. यादीत दोन्ही शेजारी येऊ शकतात आणि घाईत चुकीचं दाबलं जातं.

आणि खरा वेळ जातो तो रस्त्यावर. देशांतर्गत विमानाचं बॅगेचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, गेट २५ मिनिटं आधी. सकाळी ९ चं विमान असेल तर ८ च्या आत बॅग पट्ट्यावर हवी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर महापे, तुर्भे भागात ऑफिसच्या वेळेला गाड्या तुंबतात, म्हणून ६ ला घर सोडा. पावसाळ्यात कळव्यावरून विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, तेव्हा सरळ मुलुंड-ऐरोली पूल धरा.