मदतीचा आकडा वाचताना

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

परदेशी निधीतून चालणाऱ्या पूरनिवारणाच्या कामात पडण्याचा तुझा विचार पक्का झालेला दिसतो, तेव्हा आधी मदतीचा आकडा वाचायला शीक. पाकिस्तानातील २०२२ च्या महापुरानंतर जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हा येथे परिषद भरली आणि ९०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची आश्वासने मिळाली. मथळ्यांत ती सारी ‘मदत’ ठरली. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग कर्जाचा होता आणि तोही टप्प्याटप्प्याने यायचा होता. कर्ज वाईटच असते असे मी म्हणणार नाही, परंतु पूर ओसरल्यावर त्याचे हप्ते उरतात आणि ते ज्या तिजोरीतून जातात, तिच्यातूनच पुढच्या पुराची तयारीही करायची असते.

तयारी म्हणजे काय, हे बांगलादेशाकडे पाहून कळते. १९७० च्या चक्रीवादळात आणि समुद्राच्या उधाणात तेथे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, किमान तीन लाख माणसे दगावली. त्यानंतर रेडक्रॉसच्या साहाय्याने गावोगावी स्वयंसेवक तयार करण्यात आले, परदेशी पैशातून निवारे उभे राहिले, आणि २०२० मध्ये ‘अम्फान’ येण्यापूर्वी वीस लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित जागी हलवता आले. यातले बरेच निवारे एरवी शाळा म्हणून वापरले जातात, आणि माझ्या मते खरी हुशारी तीच आहे, कारण रोज वापरातल्या इमारतीचे छप्पर गळू लागले तर लगेच कोणीतरी तक्रार करते.

असे वापरात नसलेल्या एका निवाऱ्याची पाहणी मी केली होती. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लखलखीत होती. हातपंपाचा दांडा मात्र गंजून अडकला होता, आणि वरच्या मजल्याची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध लागेपर्यंत अर्धा तास गेला. बांधकामाचे पैसे बाहेरून आले होते, दुरुस्तीचे कोणी द्यायचे हे करारात कुठेच नव्हते. (पाटीची पुसपास कोण करत होते, हे मला आजवर समजलेले नाही.)

पैसा केव्हा पोहोचतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. जुलै २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीने बांगलादेशासाठी सुमारे ५२ लाख डॉलर पुराची पातळी कळसाला पोहोचण्याआधीच मोकळे केले, कारण अंदाज कोणत्या मर्यादेला पोहोचला की पैसे सोडायचे हे अगोदरच ठरलेले होते. हाती आगाऊ रोख रक्कम आली तर कुटुंबाला धान्य भरून ठेवता येते आणि गुरे मातीमोल भावाने विकावी लागत नाहीत. तीच रक्कम पंधरा दिवसांनी मिळाली, तर ती गेलेल्या गुरांची भरपाई करण्यातच संपते.

तुझा पहिला प्रस्ताव तयार झाला की माझ्याकडे पाठव. पाचव्या वर्षीच्या देखभालीपुढे तू कोणती रक्कम लिहिली आहेस आणि ती कोण देणार आहे, एवढे मी सर्वांत आधी पाहीन.

तुझा शुभचिंतक