सेन्नाच्या वस्तू गोळा करताय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आयर्टन सेन्नाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजेसचा नुसता पाऊस पडला. फॉर्म्युला वन (एफ-वन) कार रेसिंगमध्ये तीन वेळा (१९८८, १९९०, १९९१) वर्ल्ड चॅम्पियन झालेला हा ब्राझीलचा ड्रायव्हर १ मे १९९४ला इटलीतल्या इमोलाच्या ट्रॅकवरच्या अपघातात गेला, त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी त्याच्या टोप्या, कार्डं, मॉडेल्स जमवणारे आपल्याकडे एवढे असतील असं वाटलं नव्हतं. सगळी पत्रं घेता येत नाहीत, पण ज्यांचे पैसे अडकायची वेळ आलीये त्यांना आधी घेतो.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): एका ऑनलाइन ग्रुपवर सेन्नाने १९९३च्या सीझनमध्ये वापरलेला मॅकलारेन टीमचा रेसिंग सूट विकायला आहे. चार लाख सांगतोय, सर्टिफिकेट आहे म्हणतो. फोटो पाठवतोय. घेऊ का? उद्यापर्यंत उत्तर हवंय त्याला.

दादा, घेऊ नका. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला, छातीवर होंडाचा बॅज आहे ना, तिथेच विषय संपला. होंडा १९९२च्या शेवटी एफ-वन सोडून गेली आणि १९९३ला मॅकलारेनच्या गाडीत फोर्डचं इंजिन होतं, मग त्या वर्षीच्या सूटवर होंडा येईलच कुठून? विकणारा कदाचित म्हणेल की जुना सूट प्रॅक्टिसला वापरला असेल वगैरे, पण असली सारवासारव ऐकत बसू नका.

आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठीच सांगतो, कारण सेन्नाच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे, त्याच्या करिअरमधलं जवळजवळ प्रत्येक वळण कपड्यांवर आणि गाडीच्या रंगावर दिसतं. १९८४ला टोलमन टीम. १९८५ आणि ८६ला काळी-सोनेरी, जॉन प्लेयर स्पेशल सिगरेटची लोटस, इंजिन रेनोचं. १९८७ला तीच लोटस टीम पण गाडी पिवळी, कॅमल सिगरेटची, आणि इंजिन होंडाचं. १९८८ ते ९३ लाल-पांढरी मार्लबोरो मॅकलारेन, त्यात ९२पर्यंत होंडा. १९९४ला निळी-पांढरी रॉथमन्सची विल्यम्स, परत रेनो. एवढं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. काळ्या लोटसमधला फोटो आणि खाली १९८७ लिहिलेलं दिसलं की पुढे बोलायचंच नाही. हेल्मेटचंही तसंच, पिवळ्यावर हिरवा-निळा पट्टा हे साओ पाउलोच्या सिड मोस्काने केलेलं डिझाइन सगळ्यांना पाठ आहे, पण आतलं हेल्मेट कुठल्या कंपनीचं ते कोणी बघत नाही, १९९३ला तो शोएई वापरायचा आणि १९९४ला बेल, त्यामुळे ‘९४चं शोएई’ असं कोणी म्हणालं की सावध व्हा.

समजा तारखा जुळल्या, तरी खरं काम पुढेच आहे. मोठे लिलाववाले सूट किंवा हेल्मेट घेताना रेसच्या दिवशीचे फोटो समोर ठेवून जुळवून बघतात. बॅजची कड शिवणीपासून किती लांब आहे, एखादं अक्षर किंचित तिरकं बसलंय का, टाका कुठे सुटलाय, हेल्मेटवर खडी लागून कुठे टवका उडालाय. हाताने शिवलेला बॅज दोन सूटांवर तंतोतंत एकाच जागी बसत नाही, म्हणून हे जमतं. तुम्हीपण विकणाऱ्याकडे मागा, कुठल्या रेसला वापरला, त्या दिवसाचा फोटो दाखवा. खरी वस्तू असणारा माणूस या प्रश्नाने खूश होतो, त्याच्याकडे फाइल तयारच असते. सर्टिफिकेट मात्र कोणीही छापतं. ते कोणी दिलंय, त्याच्याकडे वस्तू कोणाकडून आली, हे नावानिशी लिहिलेलं नसेल तर त्या कागदाला काडीची किंमत नाही.

किमतीचंही बोलतो. १९९३ला मोनाकोची रेस जिंकलेली त्याची मॅकलारेन २०१८ला मोनाकोतच बोनहॅम्सच्या लिलावात जवळपास ४२ लाख युरोला गेली. ती गाडी होती, सूटची गोष्ट वेगळी हे मान्य, पण त्याच सीझनचा अंगावर घातलेला सूट ज्याच्याकडे खरंच असेल तो असल्या लिलावात जाईल. ऑनलाइन ग्रुपवर उद्यापर्यंतची घाई तो कशाला करेल?

प्रश्न (कोल्हापूरहून): मामांकडून सेन्नाचं सही केलेलं पोस्टकार्डाएवढं कार्ड मिळालंय, मॅकलारेनमधलं. सही खरी की छापलेली कसं कळणार? लॅमिनेट करू का?

पहिलं म्हणजे लॅमिनेट अजिबात करू नका, एकदा ते झालं की परत सुटत नाही आणि तपासताही येत नाही.

स्पॉन्सर कंपन्या अशी कार्डं भरमसाट छापायच्या आणि बऱ्याच कार्डांवर सहीसुद्धा छापलेलीच असायची, यात फसवणूक काही नव्हती, चाहत्यांना वाटायलाच होती ती. त्यामुळे मामांचा शब्द खरा असेल आणि सही तरीही छापील असेल, दोन्ही एकावेळी होऊ शकतं. दहा पटीचं भिंग आणा, घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात ते चालेल. सहीच्या कडेला बघा. छापील असेल तर बहुतेक वेळा रंगाचे बारीक बारीक ठिपके दिसतात, बाजूच्या फोटोत दिसतात तसेच. पेनाची असेल तर शाई सलग दिसते, जिथे रेघ रेघेवरून गेलीये तिथे जास्त गडद, आणि पेन उचलताना टोक निमुळतं होतं. मग कार्ड खिडकीजवळ नेऊन तिरकं धरा, मार्करची शाई ग्लॉसी कागदावर वेगळी चमकते, सहीवरून उजेड सरकताना दिसतो. छापलेल्या सहीवर कार्डाचीच चमक सगळीकडे सारखी असते. तेच कार्ड नेटवर शोधा, दुसऱ्या कोणाच्या कार्डावर सही त्याच जागी, त्याच वळणाची असेल तर ती छापील.

पेनाची निघाली तरी ती सेन्नाचीच असं लगेच धरून चालू नका. त्याची सही वर्षांप्रमाणे बदललीये, अगदी सुरुवातीला तो आयर्टन दा सिल्वा नावाने रेस करायचा, सेन्ना हे आईच्या माहेरचं नाव त्याने पुढे लावलं. त्यामुळे सही त्याच वर्षाच्या खात्रीच्या सह्यांशी ताडून बघायची, नेटवर जी पहिली दिसेल तिच्याशी नाही. आणि मामांना आत्ताच बसवून लिहून घ्या, कार्ड कुठे मिळालं, कोणत्या साली, कोणी दिलं. तारीख घालून खाली त्यांची सही. पुढच्या पिढीला हाच कागद लागणार आहे.

प्रश्न (ठाण्याहून एक ताई): मिस्टरांचा पन्नासावा वाढदिवस आहे, ते सेन्नाचे लहानपणापासूनचे फॅन. बजेट दहा हजार. सही केलेलं काही येईल का?

ताई, दहा हजारात सहीच्या नादी लागू नका, त्या भावात जे मिळतं त्यातलं बहुतेक खोटं असतं. त्यापेक्षा एक रेस धरा आणि त्या रेसचं कागदपत्र घ्या. माझ्या मते इंग्लंडमधली डॉनिंग्टनची रेस, ११ एप्रिल १९९३, भर पावसात पहिल्याच लॅपमध्ये पाचव्यावरून पहिला आला होता तो. तुमच्या मिस्टरांना ही रेस सांगावी लागणार नाही! त्या दिवशी ट्रॅकवर विकलेला छापील प्रोग्रॅम अजून मिळतो, पोस्ट धरूनही तुमच्या बजेटमध्ये बसायला हवा. रेस सेगा या व्हिडिओ गेम कंपनीने स्पॉन्सर केली होती, इतकी की जिंकल्यावर सेन्नाच्या हातात त्यांच्या गेममधल्या सॉनिक हेजहॉगची ट्रॉफी होती, तेव्हा छपाईवर सेगाचं नाव दिसलं पाहिजे. सोबत त्या आठवड्याचं एखादं इंग्लिश मोटर रेसिंग मासिक मिळालं तर फारच छान. प्रोग्रॅमचं नकली कोणी सहसा करत नाही, एवढी पानं छापण्यात पैसाच सुटत नाही.

मॉडेल गाडी घ्यायची असेल तर मिनीचॅम्प्स कंपनीची १:४३ मापाची घ्या, पण सिगरेटच्या जाहिरातींचं बघून. बऱ्याच मॉडेल्सवर कंपनीने मार्लबोरो वगैरे लावलेलंच नसतं, नंतर कोणीतरी स्टिकर चिकटवलेले असतात. ते वाईट नाही, पण फॅक्टरीचं म्हणून जास्त पैसे देऊ नका.

प्रश्न (रत्नागिरीहून): सेन्नाची निळी ‘नासिओनाल’ टोपी आहे, पावसाळ्यात बुरशी येते. धुऊ का? डांबरगोळ्या घालून ठेवू का?

दोन्ही नको. धुतलं की आतला पुठ्ठा वाकतो, रंग जातो, आणि जुनेपणाच्या खुणाही जातात. डांबरगोळ्यांची वाफ काही प्लॅस्टिकला मऊ करते, टोपीची मागची पट्टी चिकट होऊन बसेल, शेजारी मॉडेल गाडी असेल तर तिचीही वाट लागेल. टोपी सावलीत पूर्ण वाळवा, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने बुरशी झाडा. आत अ‍ॅसिड-फ्री टिश्यू पेपर भरून आकार धरून ठेवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि कोकणातल्या पावसात त्या दर पंधरवड्याला बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, ओल आतच कोंडते. शोकेसमध्ये ठेवलीत तर ऊन येणारी भिंत नको, निळा रंग भराभर उडतो.

टोपी जपाच. ती बँको नासिओनाल म्हणजे ब्राझीलची बँक, ती १९९५लाच बुडून दुसऱ्या बँकेत गेली, त्यामुळे बँकेच्या काळातली टोपी आता नव्याने येणार नाही. आज ज्या नव्या मिळतात त्या नंतरच्या. लायसन्सवाली नवी घ्यायला काहीच हरकत नाही, उलट अधिकृत वस्तूंच्या लायसन्सचा पैसा त्याच्या बहिणीने, विवियानीने, १९९४लाच सुरू केलेल्या आयर्टन सेन्ना इन्स्टिट्यूटला जातो, ब्राझीलमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी. फक्त नवी ती नवी म्हणूनच घ्या.

प्रश्न (मिलानला नोकरीनिमित्त असलेला वाचक): इमोलाला जाणार आहे. तिथून काय आणू?

ट्रॅकला लागून अक्वे मिनेराली नावाचं पार्क आहे, तिथे सेन्नाचा पुतळा आहे, आणि जिथे त्याचा अपघात झाला त्या तांबुरेल्लोच्या वळणापाशी जाळीवर लोकांनी झेंडे, टोप्या, चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. त्यातलं काहीही आणू नका, कितीही जुनं आणि एकटं लटकत असलं तरी. लोकांनी त्याच्यासाठी ठेवलंय ते. विकत घ्यायचं तर रविवारच्या जुन्या बाजारांत इटालियन मासिकं बघा, मे १९९४चे अंक अजून सापडतात. त्याच वीकेंडला, ३० एप्रिलला, रोलंड रॅट्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन ड्रायव्हरही त्याच ट्रॅकवरच्या अपघातात गेला होता, त्याच्याबद्दलचं एखादं पान मिळालं तर तेही घ्या, त्याचं फार कोणी जपत नाही.

प्रश्न (नागपूरहून): इंग्लंडहून मॉडेल्स मागवतोय. विकणारा म्हणतो पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहितो, ड्युटी लागणार नाही. आणि अँटिक म्हणून ड्युटीत सवलत मिळते का?

गिफ्टची सवलत डिसेंबर २०१९लाच गेली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढंच सुटतं. अँटिकच्या वर्गात बसायला वस्तू शंभर वर्षांहून जुनी लागते, सेन्नाचा जन्मच १९६०चा. खरी किंमत लिहूनच मागवा, कारण पार्सल हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळतो, आणि पुढे विकायला गेलात तर तीच पावती तुमच्या वस्तूचा पहिला कागद असते. मॉडेल आलं की टायरखाली पारदर्शक फिल्मचा छोटा तुकडा सरकवा, जुन्या मॉडेल्सचे रबरी टायर वर्षानुवर्षं एकाच जागी राहिले की खालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत रुततात आणि काढताना फाटतात.